बसवून केलेलं ऑपरेशन

बायको दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी आणि महानंदानं मिळून एका चादरीची घडी घातली. जुनी सुती चादर, धुवून धुवून मऊ पडलेली. गच्चीवर वाळत होती. एक बाजू तिच्या हातात, एक माझ्या. मी सवयीप्रमाणे हात उंच करून झटकली तशी ती म्हणाली, "खाली घ्या थोडं. मला वरचं दिसत न्हाई."

खरंच दिसत नव्हतं. तिची नजर समोर चालायची, खाली चालायची, वर म्हणून जाईना. मी हात खाली घेतले. घडी घालत दोघं जवळ आलो, माझी टोकं तिच्या हातात दिली. ती म्हणाली, "आल्यावर फाडू. हिच्या गाद्या चांगल्या होतील." मग ती खाली जाऊन वरणाला फोडणी द्यायला लागली. बस, एवढंच. त्याच्यानंतर आम्ही दोघांनी मिळून केलेलं साधं काम मला आठवत नाही, कारण झालंच नाही.

दिवाळी अंकवाले म्हणाले, अप्पा, तुमच्या कामाबद्दल लिहा. माझं शिक्षण सहावीपर्यंत, ते बी ओढूनताणून. पण लिहितो, कारण गावात माझ्या पाठीमागं जे बोललं जातंय त्याला मला एकदाच उत्तर द्यायचंय. लोक म्हणतात, अप्पानं बायकोचं डोकं फोडून घेतलं. चालती-बोलती बाई घालवली. त्यांना आधी माझं काम समजून घ्यावं लागेल. समजलं नाही तरी हरकत नाही. मी सांगणार.

मी आधी नांदेडला आणि मग लातूरला, मेंदूच्या दवाखान्यात ऑपरेशन थिएटरात काम केलं. कागदावर मी अटेंडंट. घरी कोणी विचारलं तर सांगायचो, माणसं बसवतो. पाहुणे हसायचे, म्हणायचे, म्हणजे सलूनमधी का?

आता ऐका. हृदयातून रक्त जोरात येतं, त्या नळीला रोहिणी म्हणतात. परत जातं त्या नळीला नीला. दोघींच्या मधी केसापेक्षा बारीक नळ्यांची जाळी असती. रक्ताचा जोर त्या जाळीत मरतो, म्हणून नीला पातळ असली तरी चालतं. काही माणसांच्या मेंदूत एका ठिकाणी ही जाळी जन्मापासूनच नसती. रोहिणी सरळ नीलेत घुसती. शेतातल्या मोटारीच्या पाइपाला सायकलची ट्यूब बांधा आणि मोटार चालू करा, म्हणजे काय होतं ते समजेल. ट्यूब फुगती, वेटोळी घेती, गुंता होतो. काही लोकांची ट्यूब जन्मभर टिकती. ते सुखानं म्हातारे होऊन दुसऱ्याच रोगानं मरतात. काही लोकांची फुटती.

हा गुंता वरच्या अंगाला असला तर बरा. खोल, पार मेंदूच्या देठापाशी असला की डॉक्टर लोक सुद्धा खुर्चीत मागं टेकून बसतात आणि फिल्मकडं बघत राहतात. तिथं पोचायच्या वाटेत सगळं कामाचं सामान हाय. नजर, गिळणं, श्वास. मग काही केसमधी आमचे सर्जन साहेब पेशंटला बसवून ऑपरेशन करायचे. माणूस बसला की मेंदूचा मागचा लहान भाग आपल्या वजनानं खाली उतरतो आणि त्याच्या वरून एक फट पडती. त्या फटीतून मायक्रोस्कोप लावून आत जायचं. जाऊन गुंत्याला रक्त आणणाऱ्या रोहिण्या एकेक करून बंद करायच्या. नीला सगळ्यात शेवटी. आधी नीला गेली तर रक्त आत येत राहतं, बाहेर जायला वाट नसती, गुंता तिथंच फुटतो. हा नियम मला साहेबांनी पहिल्याच केसला सांगितला. मला त्यात काही करायचं नव्हतं, पण ते म्हणाले, थिएटरात उभा राहणाऱ्याला काय चाललंय ते माहीत पाहिजे.

माझं काम त्याच्या आधीचं. भूल दिलेला माणूस म्हणजे ओल्या पोत्यासारखा. त्याला दुखत असलं तरी सांगता येत नाही. तासन्‌तास त्या टेबलावर बसून कोपर दबलं तर हात लुळा पडतो, टाच दबली तर जखम होती. डोकं तीन खिळ्यांच्या चौकटीत धरलेलं असतं. पायाला खालपासून वरपर्यंत पट्ट्या, म्हणजे रक्त खाली साचू नये. गुडघ्याखाली गादी. मान वाकवायची, पण हनुवटी आणि छातीच्या मधी दोन बोटं जागा सोडायची, नाहीतर मानेतलं रक्त अडतं. या लहान गाद्या महानंदा शिवायची. जुन्या चादरी, धोतरं, आत कापूस. त्या दवाखान्यात उकळून, वाफेत घालून वापरायच्या. आता जेलच्या गाद्या आल्यात, मेणासारख्या, चांगल्या हायत. नवीन पोरं माझ्यापेक्षा नीट बसवतात, उगाच खोटं कशाला बोलू. पण कितीतरी माणसांच्या कोपराखाली माझ्या बायकोचा हात होता, हे कोणाला माहीत नाही.

बसवण्यात एक भीती मोठी. डोकं हृदयाच्या वर असतं, उघडी नीला हवा आत ओढून घेती. ती हवा हृदयात गेली की संपलं. मुदखेडचा एक रेल्वेतला गँगमन होता, दणकट गडी. त्याच्या वेळी मधीच भूलवाल्या मॅडम एकच शब्द बोलल्या, "हवा." जोरात नाही बोलल्या. साहेबांनी जखमेत सलाईनचं पाणी ओतलं, मॅडमनी त्याच्या मानेतल्या नीला दाबून धरल्या आणि मी टेबलाचा दांडा फिरवून डोकं खाली घेतलं. माझे हात त्या दांड्यावर घसरत होते, घामानं. पडद्यावरची रेघ पार खाली गेली होती, ती हळूहळू वर आली. पुढं ऑपरेशन पुरं झालं. शुद्धीवर आल्यावर तो पहिलं काय बोलला, तर "कोण बसवला रे मला? कंबर मोडली की." पुढं कितीक वर्षं तपासणीला यायचा. साहेबांच्या पाया पडायचा आणि माझ्याकडं वळून कंबर दाखवायचा.

उदगीरचे एक अडत व्यापारी होते, आमच्याच लिंगायत समाजाचे. गळ्यातलं इष्टलिंग काढायला तयार होईनात. थिएटरात धातू चालत नाही, विजेच्या सुरीनं भाजू शकतं. सिस्टर समजावून थकल्या. व्यापारी म्हणाले, हे अंगावरून उतरलं तर मला आधीच मेलेला समजा, पुढची मेहनत करू नका. मी त्यांना म्हणालो, अप्पा, चांदीची डबी पोराकडं द्या, लिंग तुमच्यापाशीच राहील. ते स्पिरिटनं पुसलं, गॉजमधी गुंडाळलं आणि त्यांच्या डाव्या तळहातात ठेवून वरून पट्टी बांधली. मॅडम हसल्या, म्हणाल्या, देवाला स्पिरिट लावणारा तू पहिलाच. व्यापारी उठले. मूठ तशीच वळलेली होती.

सगळेच उठले नाहीत. निलंग्याकडची एक बाई होती, दोन लेकरांची आई. तिचा चेहरा मला आठवत नाही, तिच्या पायातली जोडवी आठवतात, कारण ती मी काढून तिच्या सासूच्या हातात दिली होती. खोल गुंत्याच्या केसमधी असं होतं. साहेब त्या दिवशी जेवले नव्हते. मी जेवलो होतो. मला दुसऱ्या केसची तयारी करायची होती.

आता महानंदाचं.

मी निवृत्त झालो त्याच्या पुढच्या वर्षी ती गल्लीत भाजीच्या गाड्यापाशी पडली. उठली ती म्हणाली, "दोन-दोन गाडेवाले दिसायलेत." मला त्याच क्षणी कळलं. फिल्म काढली. गुंता, मागच्या अंगाला, खोल देठापाशी. थोडं फुटून थांबलेलं. काही दिवसांनी ती बरी झाली. जेवायची, भांडायची, शेजारणीची नक्कल करायची. फक्त वर बघता येईना. मांडणीवरचा डबा काढायचा तर सगळी मान मागं टाकायची, कोंबडी पाणी पिती तशी. स्वतःच म्हणायची, "बघा, कोंबडी आली."

साहेबांनी आम्हाला समोर बसवून सगळं सांगितलं. काहीच केलं नाही तर परत फुटणार का, फुटेल तर कधी, कोणी सांगू शकत नाही. एकदा फुटलेलं परत फुटायची भीती जास्त. मोठ्या शहरात किरणं देता येतात, पण गुंता सुकायला दोन-तीन वर्षं जातात आणि तोपर्यंत भीती आहे तशीच. नाहीतर काढायचं. काढताना जीव जाऊ शकतो, हे ते माझ्याकडं नाही, तिच्याकडं बघून बोलले. आणि म्हणाले, मी करू शकतो, पण हैदराबादला, पुण्याला माझ्यापेक्षा जास्त केसेस होतात. चिठ्ठी देतो, तिथं जा.

महानंदा म्हणाली, "तितं मला कोण बसवंल?"

साहेब म्हणाले, तिथं चांगली माणसं आहेत.

"आसतील. माझ्या वळखीची न्हाईत."

तरी मी काही दिवस टाळत होतो. खरं सांगतो, मलाच धीर होईना. तिचा भाऊ शिवराज, उदगीरला त्याचं किराणा दुकान, तो येऊन बसला. म्हणाला, "दाजी, चालती-बोलती बाई हाय. जेवायलीय, हसायलीय. कामून कापायलाव?" ती स्वयंपाकघरातून म्हणाली, "शिवा, तुझ्या गोदामात एक उंदीर दिसला तर तुला झोप येत न्हाई. माझ्या डोक्यात काय बसलंय ते बघ की." तो रागावून चहा न पिता गेला.

तो गेल्यावर तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, "रोज सकाळी तुमी माझ्या नाकापुढं हात धरताव. श्वास चाललाय का बघायला."

मला वाटत होतं ती झोपलेली असती.

"मी जागी आसते. तुमी हात काढूस्तर मीबी श्वास धरूनच ऱ्हाते. आसं मला जगवू नका. काढून टाका, न्हाईतर मरू द्या. ह्ये मधलं नको."

ज्यांना मला दोष द्यायचाय त्यांनी हे वाक्य पाठ करावं. निर्णय तिचा होता. आणि माझा बी होता. मी तिच्या मागं लपत नाही.

साहेबांना विचारून मी तिला स्वतः बसवलं. आधी तिचं इष्टलिंग उदगीरच्या व्यापाऱ्यासारखंच गॉजमधी गुंडाळून डाव्या हातात बांधलं. भूल द्यायच्या आधी ती मला म्हणाली, "हनुवटीखाली दोन बोटं." जन्मभर माझं तेच ऐकत आली होती. मी तिच्याच हातच्या गाद्या तिच्या कोपराखाली दिल्या. नवीन पोरांनी जेलच्या आणून ठेवल्या होत्या, त्यांनीच बाजूला घेतल्या. नंतर मी बाहेर आलो. आत थांबायची परवानगी होती, माझ्यानं झालं नाही.

गुंता पुरा निघाला. एखाद्या बोराएवढा, काळपट. साहेबांचा हात कुठं चुकला नाही, हे मी शपथेवर सांगतो. पण जन्मापासून ज्या नळ्यांना कमी जोराची सवय होती त्यांच्यावर एकदम सगळा जोर आला. ट्यूब काढून टाकली की पाइपातलं पाणी बाजूच्या झुळझुळत्या पाटांत जोरात शिरतं, तसं. आजूबाजूला रक्त झालं. परत आत नेलं. त्यानंतर ती मशीनवर होती आणि उठली नाही.

त्या दिवसांत अतिदक्षता विभागाच्या बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी औशाचा व्यंकट असायचा. शेतकरी, माझ्यापेक्षा पिढीनं लहान. त्याची पोरगी प्रतीक्षा लातूरला क्लासला होती, डॉक्टर व्हायचं म्हणून. वसतिगृहात फीट येऊन पडली. तिला बी हाच गुंता, खोल, एकदा फुटलेला. ती वार्डात होती, ऑपरेशनची तारीख ठरलेली. व्यंकट घरून आलेल्या दशम्या मला द्यायचा आणि माझी बायको कशी आहे विचारायचा. मी म्हणायचो, आहे. तो माझ्या चेहऱ्यावर आपल्या पोरीचं नशीब वाचत होता, हे मला कळत होतं. महानंदा गेली त्या सकाळी तिला बाहेर आणलं तेव्हा तो वार्डाच्या दारात उभा होता. आणि आमची गाडी निघताना मी पाहिलं, तो वळकटी बांधत होता.

आमच्यात मृताला जाळत नाहीत. बसवतात. खड्ड्यात एका बाजूला कोनाडा करतात, त्यात मांडी घालून बसवतात, डाव्या तळहातावर लिंग, वर बेलाची पानं, भस्म. शरीर ताठायच्या आधी बसवावं लागतं. मी कोणाला हात लावू दिला नाही. स्वामी मंत्र म्हणत होते, मी खड्ड्यात उतरलो. पाठ टेकवली, मांडी जुळवली, लिंग ठेवून बोटं मिटली. आणि घरून आणलेल्या दोन गाद्या तिच्या कोपराखाली दिल्या.

वरून शिवराज म्हणाला, "दाजी, आता तिला काय दुखायलंय?"

मी म्हणालो, "दुखत न्हाई म्हणून उघडं सोडू का?"

तो आणखी एक वाक्य बोलला, सगळ्यांच्या देखत. "चालती बाई होती." मी वर बघितलं नाही. तिची हनुवटी छातीवर टेकली होती. मी दोन बोटं घालून वर केली, पाठीमागं माती लावून मान धरली आणि मगच वर आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाग आली तेव्हा हात पुढं करायला कोणी नव्हतं. उठलो, आंघोळ केली, भस्म लावलं, गच्चीच्या खोलीतली ती घडी घातलेली चादर पिशवीत घातली. शिवराज ओसरीवर होता. कुठं निघालाव म्हणाला. मी सांगितलं, दवाखान्यात. तो म्हणाला, कालच माती दिली आणि आज? मी म्हणालो, आपल्यात सुतक नसतं, तुला माहीत हाय.

"सुतक नसलं म्हणून काय लाजबी नसती का, दाजी?"

मी चपला घातल्या. शेजारच्या मराठ्याच्या म्हातारीनं दारातून तोंडाला पदर लावला. लावू दे. मी ऑटो धरली.

वार्डात व्यंकटची वळकटी कॉटपाशी उभी होती, घोंगडं वर बांधलेलं. मला बघून तो चटकन उठला. वळकटी पायानं मागं सारली. शेवटी म्हणाला, "अप्पा, तुमी आयुष्यभर ह्येच केलाव. तुमच्या स्वतःच्या माणसाला तुमी बसवलाव. तरी..."

"तरी गेली," मी म्हणालो. "तुझी राहील का जाईल, मला सांगता येत न्हाई. साहेबांना बी येत न्हाई, त्यांनी तुला सांगितलंच आसंल. दुसरीकडं दाखवायचं तर दाखव, मी चिठ्ठी मागून देतो. पण वळकटी बांधून औशाला नेऊ नको. नेऊन करशील काय? रोज सकाळी पोरीच्या नाकापुढं हात धरून बघशील, जिवंत हाय का म्हणून."

व्यंकट खाली बघायला लागला. कॉटवरून पोरगी म्हणाली, "आत्ताच धरायलेत."

मी कॉटकडं वळलो. तिनंच विचारलं, "आजोबा, परत निवडायची वेळ आली आसती, तर तुमी काय केलं आसतं?"

मी म्हणालो, "परत बसवलं आसतं."

मी हे वार्डात बोललो आणि आता इथं लिहितो. ज्याला वाईट वाटायचं त्यानं वाटून घ्यावं.

पोरगी काटकुळी होती. तयार गाद्या तिला मोठ्या होणार, गुडघ्याखाली पोकळ राहणार, हे मी आल्या आल्या बघितलं होतं. मी पिशवीतून चादर काढली, उलगडली आणि एक बाजू व्यंकटपुढं केली. त्यानं माझ्याकडं बघितलं, पोरीकडं बघितलं. मग खांद्यावरची पिशवी खाली ठेवली आणि दोन टोकं धरली. पण ती त्यानं तोंडापुढं उंच धरली होती, रडताना दिसू नये म्हणून. चादर हलत होती.

"खाली घे थोडं," मी म्हणालो. "मला माप घ्यायचंय."

त्यानं हात खाली घेतले. मी दातानं कड तोडली आणि चादर मधोमध फाडली.